कार्डावर लिहिलेलं मांजर

चपट्या नाकाच्या पर्शियन मांजराच्या डोळ्यांतून दिवसरात्र तपकिरी, चिकट पाणी गळत असतं. ते गालावर वाळतं, त्याचा पोपडा होतो, पोपड्याखालची कातडी सडते आणि तिला वास सुटतो. तो वास मी गेली वीसबावीस वर्षं घेते आहे आणि त्याच वासावर माझं घर चालतं. लोक कौतुकानं विचारतात, "डॉक्टर, तुम्हाला मांजरं फार आवडत असतील ना?" मी हसते. मांजरांची मला कधीच किळस आली नाही. पिढ्यानपिढ्या नाक आत ढकलून मांजराला धड श्वास घेता येऊ नये अशी व्यवस्था करणाऱ्यांची येते, आणि तेच घुसमटलेलं तोंड "बाहुलीसारखं आहे ना?" म्हणून माझ्या टेबलावर ठेवणाऱ्यांची येते. आणखी एका व्यक्तीची येते. ती पुढे येईलच.

ओव्हाळमामा माझ्याकडे होते तोवर ही घाण पुसायचं काम त्यांचं होतं.

भीमराव ओव्हाळ, राहणार येरवडा. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात तेहतीस वर्षं व्रणोपचारक. शब्द भारदस्त आहे, काम एवढंच की जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर सुई टोचेपर्यंत जनावर धरून ठेवायचं. जुन्नर, शिरूर, दौंड अशा बदल्या करत, बैलांच्या लाथा आणि म्हशींच्या शेपट्या खात त्यांनी नोकरी संपवली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून २००२ साली सायकलवरून विमाननगरला माझ्या दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, धरायला माणूस लागतो का?"

लागत होता. मी पुण्याच्या कसबा पेठेतली. पशुवैद्यक झाले तेव्हा वडिलांनी, आमच्या अण्णांनी, विचारलं होतं, "पेठेत म्हशी कुठायत आता?" अण्णांचं बरोबर होतं. पण तेवढ्यात पुण्यात कंप्युटरवाले आले, नगर रोडला बिल्डिंगा उठल्या, बिल्डिंगांत फ्लॅट आणि फ्लॅटांत एकटी माणसं आली. त्यांना सोबत हवी होती, पण अंगणातलं, उकिरड्यावरचं मांजर नको होतं. जात हवी होती. पर्शियन, हिमालयन, सयामी. कुत्रा भुंकतो, सोसायटीवाले बोंब मारतात, मांजर बरं. अशी माझी भरभराट झाली.

ज्यांनी मामांना मांजर धरताना पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळणार नाही. चवताळलेला बोका पिंजऱ्यात फिस्कारत असायचा, मालक दोन पावलं मागे सरकलेला असायचा. मामा बाही दुमडून हात आत घालत, मानेचं कातडं चिमटीत धरत, दुसरा तळवा पोटाखाली सरकवत आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटत, "काही होत नाही बाळा, काही होत नाही." बोका ढिला पडायचा. मी सुई टोचायची. पाच वर्षांत माझ्या हातावर एक ओरखडा उमटला नाही.

तोंडानं मात्र ते फटकळ होते. मांजरांशी नव्हे, आमच्याशी. एकदा एक बाई आपल्या पर्शियनचं नाक सारखं वाहतं म्हणून तक्रार घेऊन आल्या. मामा कापसानं डोळे पुसत म्हणाले, "नाक वाहायला आधी नाक असावं लागतं, ताई. तुम्ही तर बिननाकाचं आणलंत." बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचा कंपाउंडर उद्धट आहे. मी माफी मागितली. मामांना काही बोलले नाही, कारण खरं तेच होतं.

आमच्याकडे लसीचं कार्ड असायचं. मांजराचं नाव, जन्मतारीख, रंग आणि एक रकाना, जात. हा रकाना भरायचं मामांच्या अगदी जिवावर यायचं. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला तेव्हाच हा रकाना त्यांच्या घरातून गेला, असं ते म्हणत. रस्त्यावरच्या पिल्लांच्या कार्डावर ते 'पुणे' लिहून मोकळे होत. बाकी ठिकाणी मी लिहायची, आणि माझी पद्धत साधी होती. मालक सांगेल ते. मी काही वंशावळ तपासणारी भिक्षुकीण नव्हे. पण लोक त्या कार्डाला जन्माचा दाखला समजायचे. डॉक्टरची सही आहे म्हणजे मांजर खरं. मला हे माहीत होतं आणि मी कधी कोणाची समजूत दुरुस्त केली नाही.

वाकडला एक ब्रीडर होता. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडून यायची. एकदा त्याच्या फ्लॅटवर गेले होते. झाकलेल्या गॅलरीत एकावर एक पिंजरे, आत चौदा माद्या. वर्षातून तीन वेळा विणाऱ्या, अंगावरचे केस झडलेल्या, आचळं लोंबणाऱ्या. खालच्या ट्रेमध्ये आदल्या आठवड्याची घाण आणि हॉलमध्ये शोकेसला रिबिनीची पदकं. त्यानं मला कॉफी दिली. ती मी प्यायले. तिची चव अजून जिभेवर आहे.

जानेवारी २००७. सोमवारी संध्याकाळी राकेश आणि चैताली हे नवरा-बायको आले. दोघंही एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅमर. राकेशच्या हातात भाजीचा प्लॅस्टिक क्रेट आणि आत उसाच्या वाळक्या पाचटावर तळहाताएवढं पिल्लू.

"अ‍ॅक्च्युअली बेंगाल आहे, डॉक्टर," राकेश म्हणाला. "रेअर आहे. ब्रीडरनं ऑरगॅनिक बेडिंगसकट दिलं. रविवारी कॅट शो आहे ना, त्याच्या एंट्रीला कार्ड लागतं."

बेंगाल ही अमेरिकेत काढलेली जात. आपल्या आशियातल्या रानातलं चट्टेरी मांजर आणि घरचं मांजर यांचा संकर, मग पुढे चार-पाच पिढ्या घरच्याच मांजरांशी. म्हणजे रानाचं कातडं हवं, पण रान नको. मी तोवर बेंगाल फक्त इंटरनेटवरच्या फोटोत पाहिलं होतं. पिल्लाच्या अंगावर ठिपके होते. मी कार्ड ओढलं, रकान्यात 'बेंगाल' लिहिलं आणि सही ठोकली. मामा पिल्लू उचलत होते.

"काही होत नाही बाळा," ते म्हणाले आणि थांबले. पिल्लू दिव्याखाली धरलं. कान बघितले, कपाळावरचे पांढरे पट्टे बघितले, पाठीवरचे गंजाच्या रंगाचे ठिपके अंगठ्यानं चाचपले. मग ते पुन्हा पाचटावर ठेवून दिलं.

"डॉक्टरबाई, हे घरचं नाही. वाघाटी आहे."

"काय आहे?" राकेशनं विचारलं.

"रानातलं मांजर. मोठं झालं तरी घरच्या मांजराच्या निम्मंच राहणार. उसात विते ही. तोडणी चालू झाली की पिल्लं सापडतात. शिरूरला असताना दर साली दोन-चार यायची आमच्याकडं."

राकेश माझ्याकडे बघत राहिला. मी नीट पाहिलं. शेपटीवर वेटोळी नव्हती, कान गोल होते, आणि दोन महिन्यांच्या घरच्या पिल्लाच्या निम्मंही वजन नव्हतं. मामांचं बरोबर असावं असं मला त्याच क्षणी वाटलं. पण कार्ड लिहून झालं होतं.

"आज लस नको," मी म्हणाले. "अशक्त आहे. दोन दिवसांनी बघू." कार्ड मात्र परत मागितलं नाही. राकेशनं ते खिशात घातलं.

मंगळवारी सकाळी मामा कामावर आले नाहीत. दुपारी आले ते थेट मार्केट यार्डातून. क्रेटवर एका गाळ्याचा नंबर रंगवलेला होता, तो त्यांनी लक्षात ठेवला होता. गाळ्यावर विचारत विचारत ते मच्छिंद्र नावाच्या टेम्पोवाल्यापर्यंत पोचले. शिरूरकडून भाजी आणणारा माणूस. ऊस तोडणाऱ्यांना सापडलेलं पिल्लू त्यानं रविवारी आणलं आणि वाकडच्या ब्रीडरला दिलं होतं. मामांनी बैलांच्या गप्पा मारून त्याच्याकडून शेत कुठलं तेही काढून घेतलं.

"डॉक्टरबाई, आई अजून येतीय," मामा म्हणाले. दमले होते, पण डोळे चमकत होते. "दिवस मावळताना बांधावर येऊन ओरडतीय, तोडणीवाल्यांनी पाहिलंय. निम्मा ऊस उभा आहे. शुक्रवारी तो पण तुटणार. तोवर पिल्लू त्याच जागी ठेवलं तर नेती ती. मी स्वतः कितीतरी ठेवलीत. हात पाचटानं घासायचे, टोपली ठेवायची, लांब बसायचं. कधी चुकली नाही ती."

"आणि शुक्रवारनंतर?"

"ऊस गेला की ती जाईल. मग हे कोणाचंच नाही."

वाघाटीला कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे. मी म्हणाले, "वनखात्याकडे रीतसर तक्रार करू या का?"

"केली तर ते पिंजऱ्यात जाईल, पंचनामा होईल, कागद फिरतील. तोवर आई गेली. तुम्ही फक्त एक फोन करा त्या पिल्लूवाल्या साहेबाला. चुकून लिहिलं म्हणा. तुमचं ऐकतील."

एक फोन. मामांनी आयुष्यात माझ्याकडे पगारवाढसुद्धा मागितली नव्हती. मी म्हणाले, "बघते."

आणि बघत बसले. कारण रविवारच्या त्या कॅट शोला, नगर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात भरणाऱ्या, मी परीक्षक होते. शो भरवणाऱ्यांत वाकडचा ब्रीडर होता. फोन करायचा म्हणजे सांगायचं की मांजरांच्या जातींच्या परीक्षक बाईंना बेंगाल आणि रानातली वाघाटी यांतला फरक कळला नाही, तो त्यांच्या कंपाउंडरला कळला. माझी सही खोटी, ब्रीडर लबाड, गिऱ्हाईक मूर्ख. तीन माणसांची अब्रू एका तळहाताएवढ्या जिवासाठी. मंगळवार गेला. बुधवारी दुपारी मामांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी एका पर्शियनच्या कानात थेंब घालण्यात गर्क असल्याचं नाटक केलं.

बुधवारी संध्याकाळी मामा स्वतःच राकेशच्या घरी गेले. वॉचमननं आधी वर सोडलं नाही, मग लिफ्टनं नाही, जिन्यानं सोडलं. सहावा मजला. पासष्टीकडे झुकलेला माणूस. हे सगळं मला नंतर चैतालीकडून कळलं. मामांनी हात जोडून सांगितलं की पिल्लू द्या, मी टेम्पोनं घेऊन जातो, तुमचं नाव कुठे येणार नाही. चैताली म्हणाली, "राकेश, देऊन टाकू या ना. ते संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन ओरडतं." राकेशनं कार्ड काढून मामांच्या पुढ्यात धरलं. "यावर डॉक्टरची सही आहे. तुम्ही डॉक्टर आहात का?"

मग त्यानं मला फोन लावला.

"डॉक्टर, स्पीकरवर आहात तुम्ही. तुमचे कंपाउंडर इथे उभे आहेत. म्हणतायत हे वाइल्ड आहे. तुम्हीच सांगा, बेंगाल आहे की नाही?"

मला मागे टीव्हीचा आवाज येत होता. आणि अगदी बारीक, पक्ष्यासारखं काहीतरी ओरडत होतं. मामा समोर उभे आहेत आणि ऐकत आहेत हे मला पक्कं माहीत होतं.

मी म्हणाले, "कार्डावर लिहिलंय ते बरोबर आहे."

पलीकडे कोणीतरी श्वास सोडला. "थँक्स, डॉक्टर," राकेश म्हणाला. "सॉरी हं, तुम्हाला डिस्टर्ब केलं."

फोनवर ते वाक्य बोललेली मी, तीच ती व्यक्ती, जिच्याबद्दल मी सुरुवातीला म्हणाले.

गुरुवारी मामा वेळेवर आले. पर्शियनांचे डोळे पुसले, पट्ट्या बांधल्या, मांजरं धरली. एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशी नाही, आणि मांजरांशीही नाही. मला ते दुपारपर्यंत जाणवलंच नाही, मग एका बोक्यानं त्यांच्या हातातून उसळी मारून माझी करंगळी फाडली तेव्हा जाणवलं. शुक्रवारी शिरूरला ऊस तुटला असणार.

शनिवारी सकाळी शटर वर करत होते तेवढ्यात राकेश आणि चैताली आले. क्रेट गेला होता, त्या जागी महागडी निळी बॅग होती. तीन दिवस पिल्लानं डब्यातलं खाणं हुंगलं नव्हतं, म्हणून राकेशनं त्याला ड्रॉपरनं पिशवीचं दूध पाजलं होतं. त्याला हगवण लागली होती. मागचा भाग सगळा बरबटलेला, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी, इतकं अंगातलं पाणी गेलेलं. इतक्या बारीक जिवाला शीर सापडायची कशी? मी सलाईनची सुई हातात घेऊन उभी राहिले. मामांनी विचारलं नाही. बाही दुमडली, ती घाण कोमट पाण्यानं धुतली, पिल्लू तळव्यावर घेतलं आणि माझ्यासमोर हात धरला.

ते ओठ हलवतील म्हणून मी वाट पाहिली. ते गप्प होते.

सुई लागली नाही. दुसऱ्यांदाही नाही. पिल्लानं एकदा तोंड उघडलं, आवाज आला नाही, आणि मग ते मामांच्या तळव्यावर सैल झालं. मामांनी मूठ मिटली नाही, तसाच हात धरून उभे राहिले. चैताली रडत बाहेर गेली.

राकेशनं घसा खाकरला. "डॉक्टर, एक डेथ सर्टिफिकेट मिळेल का? ब्रीडर रिप्लेसमेंट देतो, पण डॉक्टरचं लेटर लागतं. त्यात ब्रीड मेन्शन करा प्लीज."

रिप्लेसमेंट. मिक्सरचं भांडं फुटल्यासारखं. मला वाटलं, आत्ता याच्या तोंडावर ही निळी बॅग फेकावी. शिसारी आली, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची, गळ्यातल्या कंपनीच्या पट्ट्याची. मी लेटरहेड ओढलं, पेन उघडलं. मामा माझ्याकडे बघत होते. त्या फोननंतर पहिल्यांदा.

वाघाटी, अशी तीन अक्षरं लिहायची होती. ती लिहिली असती तर सोमवारचं कार्ड खोटं ठरलं असतं, बुधवारचा फोन खोटा ठरला असता, ब्रीडरला पुढचं पिल्लू विकताना धडकी भरली असती. आणि माझ्या दारात चौकशी आली असती. मी कागदावर तारीख घातली. जातीच्या जागी पेन थांबलं. बेंगाल लिहायची हिंमत झाली नाही, वाघाटी लिहायची तर नाहीच.

मी लिहिलं, 'मांजर'.

मामा वाकून ते वाचत होते. "एवढंच?" ते म्हणाले.

मी सही केली.

त्यांनी पिल्लू आपल्या धुतलेल्या रुमालात गुंडाळलं. साबणानं हात धुतले, नेहमीसारखे कोपरापर्यंत. खुंटीवरची डब्याची पिशवी घेतली आणि सायकल काढून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी शोला गेले. एका हिमालयनला पहिलं बक्षीस दिलं. वाकडच्या ब्रीडरनं त्या कागदावर राकेशला एक पर्शियन देऊन टाकलं, त्याचंही कार्ड माझ्याच सहीचं आहे.

पंधरा दिवसांनी मी येरवड्याला गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, उंबऱ्यावर एक कान तुटलेलं गल्लीतलं मांजर. मामांच्या बायकोनं, राधाबाईंनी, चहा टाकला. मामांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसले. राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. रुमालातलं पिल्लू त्यांनी मच्छिंद्रच्या टेम्पोतून नेऊन त्या बांधावर पुरलं होतं, हे राधाबाईंनीच सांगितलं.

"मामा, परत या," मी म्हणाले. "तुमच्यासारखं धरणारं कोणी नाही हो."

मामांनी हात उलटसुलट करून पाहिले. "डॉक्टरबाई, धरण्यात हाताचं काही नसतंय. जनावराला सांगावं लागतं, काही होत नाही म्हणून. त्याला ते पटतं. मी ते कोणाच्या जिवावर सांगत होतो इतकी वर्षं? समोर डॉक्टर उभा आहे, त्याच्या जिवावर. आता ते माझ्या तोंडातून निघत नाही. त्याला मी काय करू?"

राधाबाई म्हणाल्या, "चहा निवतोय, घ्या."

मी चहा घेतला. मामा नंतर नऊ वर्षं जगले. मी पुन्हा गेले नाही.

आता दवाखाना मोठा आहे. कार्डाऐवजी कंप्युटर आहे, पण जातीचा रकाना तसाच आहे, मालक सांगतो आणि मी भरते. धरायला दोन पोरी आहेत, जाड कातडी हातमोजे आहेत, जाळी आहे. तरी माझ्या मनगटांवर ओरखडे असतातच. गेल्या आठवड्यात एक साधं रस्त्यावरचं मांजर आलं होतं, पाय मोडलेलं. पोरी जेवायला गेल्या होत्या. मी हातमोजे काढले, मानेचं कातडं चिमटीत धरलं, तळवा पोटाखाली घातला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "काही होत नाही बाळा, काही होत नाही."

त्यानं मान वळवून माझा अंगठा हाडापर्यंत चावला.